कवयित्री, नाटककार, अभिनेत्री आणि मी

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ६.१०

नवी डायरी. कंपनीची आहे, पण पहिल्या पानावरच्या ट्रकच्या चित्रावर मी पांढरा कागद चिकटवला आहे. साहित्यिकाच्या रोजनिशीवर ट्रक शोभत नाही.

संकल्प तीन. एक, 'तेजोगर्भाचे हुंकार' हा माझा कवितासंग्रह यंदा बाहेर येणार म्हणजे येणार. दोन, गोडाऊनमध्ये चिडायचं नाही. तीन, कोणाचाही हेवा करायचा नाही. तिसऱ्याची तशी गरज नाही. भिवंडीजवळ दापोड्याच्या गोडाऊनमध्ये मी शिफ्ट इन्चार्ज. माझ्या हाताखाली स्कॅनिंग-पॅकिंगच्या बेचाळीस बायका. हेवा करायचा तरी कोणाचा.

हेमालीने चहा देताना विचारलं, हुंकार म्हणजे काय. वीस मिनिटं समजावून सांगितलं. बायको असली तरी वाचकच. सगळं ऐकून म्हणाली, "मंग म्हस करते तसाच की."

२६ जानेवारी, रविवार

गोडाऊनमध्ये झेंडावंदन, मग कँटीनमध्ये कार्यक्रम. मी 'हे ब्रह्मांडा' वाचली. चौदा मिनिटं. एकोणीस झाली असती, पण आउटबाउंडच्या धनेशने मध्येच टाळ्या सुरू केल्या आणि सगळे सामील झाले. धनेश माल रवाना करणाऱ्या विभागाचा इन्चार्ज, माझ्याच ग्रेडचा. वाचन शून्य.

नंतर स्कॅनिंग लाइनची संघरत्ना गायकवाड उठली. टेमघरला राहते, तीस-बत्तिशीची, कामाला बरी. मला वाटलं आभार मानतेय. तर कविता. मोजून दीड मिनिट. यमक नाही, उपमा नाही. त्यातल्या दोन ओळी लक्षात राहिल्या, त्या इथे केवळ नमुना म्हणून:

अडीच हजार पत्ते रोज माझ्या हाताखालून जातात,
माझ्या दारात अजून कुणी कुरिअर घेऊन आलं नाही.

वाचून झाल्यावर बराच वेळ टाळ्या नाहीत. मला तिची दया आली. मग बघतो तर पॅकिंगच्या बायका डोळे पुसत होत्या. कँटीनमध्ये फोडणीचा धूर फार होतो. मी तिला बोलावून सांगितलं, प्रतिभा आहे, शब्दसंपदा वाढवा. हो सर म्हणाली.

३ फेब्रुवारी, सोमवार

कोणीतरी तिचा व्हिडिओ टाकलाय. एक लाख बारा हजार लोकांनी पाहिला.

माझाही टाकला आहे. एक्केचाळीस. त्यातले नऊ मीच, आवाज नीट आलाय का बघायला. कॅमेरा खालून धरल्यामुळे माझ्या व्हिडिओत मुख्यतः ट्यूबलाइट दिसते.

१० फेब्रुवारी, सोमवार

लाइनवरच्या बायका कामाच्या वेळी तिच्या ओळी म्हणतात आणि हसतात. ग्रुपवर नोटीस टाकली: "सर्व भगिनींनी नोंद घ्यावी की हास्य, रुदन व काव्यवाचन केवळ ब्रेकमध्येच करावे. हुकमावरून." कोणा एकाला उद्देशून नाही.

बेचाळीस निळ्या खुणा आल्या. उत्तर एकही नाही. वचक आहे.

७ मार्च, शुक्रवार

संघरत्ना रजेचा अर्ज घेऊन आली. परवा रविवारी कल्याणला एकांकिका स्पर्धा. एकांकिका लिहिली हिनेच, बसवली हिनेच, मुख्य काम हिचंच. एका माणसाने तीन कामं करणं याला आमच्याकडे स्टाफ कमी पडणं म्हणतात.

रजा नामंजूर. कारण लिहिलं, पीक लोड, म्हणजे मालाची गर्दी. सध्या लोड नाही, पण येऊ शकतो.

ती म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः लिहिता, म्हणून मी आधी तुमच्याकडे आले. नाहीतर मावशी वारली म्हणून सांगितलं असतं." मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखे. पीक लोडला मावशीही चालत नाही.

९ मार्च, रविवार

ती आली नाही. तिच्या शेजारच्या तिघींनी तिचं काम वाटून घेतलं. टार्गेट रोजच्यापेक्षा बारा मिनिटं आधी पूर्ण. तरीही तत्त्व म्हणून गैरहजेरी लावली आणि शो-कॉज नोटीस लिहायला बसलो. अकरा ते चार. भाषा नेमकी हवी होती. 'बेजबाबदारपणाचा कळस' हा शब्दप्रयोग तीन वेळा बदलून पुन्हा तोच ठेवला. या वर्षातलं माझं सर्वांत चांगलं गद्य.

१० मार्च, सोमवार

तिला लेखनाचं पहिलं, अभिनयाचं पहिलं आणि एकांकिकेलाही पहिलं. कँटीनमध्ये पेढे. मी घेतला नाही, ॲसिडिटी. नोटीस दिली. तिने उभ्याउभ्या वाचली, घडी घातली, ड्रेसच्या खिशात ठेवली. चेहऱ्यावर काही नाही. अभिनेत्री.

दुपारी एक पेढा खाल्ला, दर्जा बघायला. चांगला होता.

३१ मार्च, सोमवार

कामगार पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून यादी आली. ज्यांचं काम पुढे चालू ठेवायचं नाही त्यांची. सात नावं, त्यात गायकवाड संघरत्ना. कारणाच्या रकान्यात 'शिस्त. शो-कॉज पाहावी.' खाली शिफ्ट इन्चार्जची सही लागते. निर्णय कॉन्ट्रॅक्टरचा, यादी सिस्टिमची, मी फक्त सही करणारा. केली.

तिने स्कॅनर ओढणीने पुसला, चार्जिंगला लावला, लाल दिवा लागलाय का बघितलं. "येते सर" म्हणाली.

ब्रेकमध्ये आज कोणी हसलं नाही. बायका हसत नाहीत तेव्हा पंख्यांचा आवाज किती मोठा असतो ते कळतं.

ॲसिडिटी.

१ एप्रिल, मंगळवार

दुसरा संकल्प पाळला. कोणावर चिडलो नाही.

२० एप्रिल, रविवार

पेपरच्या पुरवणीत संघरत्नावर पाऊण पान. फोटोत ती टेमघरच्या नाक्यावर उभी, मागे रिक्षा. नावाखाली छापलंय, 'कवयित्री, नाटककार, अभिनेत्री'. तीन शब्द, मध्ये दोन स्वल्पविराम. माझ्या ओळखपत्रावर 'शिफ्ट इन्चार्ज'. स्वल्पविरामाला जागाच नाही.

मजकुरात कुठे माझं नाव आहे का ते बघायला तीनदा वाचला. नाही. 'गोडाऊनमधल्या दिवसांनी मला भाषा दिली' असं एक वाक्य आहे. म्हणजे अप्रत्यक्षपणे मीच.

नवा संकल्प. नुसतं कवी राहून चालत नाही. आजपासून मीही बहुआयामी.

२२ एप्रिल, मंगळवार

आरशासमोर अभिनयाचा सराव. क्रोध, शोक, मग शृंगार. हेमाली दारातून बघत होती. लवंग आणून दिली. कुठली दाढ दुखते विचारलं.

१ मे, गुरुवार

अंजूरला आमच्या आळीत महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम. मी स्वतः रचलेला पोवाडा गायला घेतला. चौथ्या कडव्याला माइक बंद पडला. लाईट गेली, असं सांगण्यात आलं. पंखे चालू होते.

१५ जून, रविवार

दोन अंकी नाटक पूर्ण. 'विवस्वानाचे वादळ'. अकरा पात्रं. रिवाजाप्रमाणे फखरुद्दीनभाईला वाचून दाखवलं.

फखरुद्दीनभाई माझा जुना मित्र, एकसष्ट वर्षांचा. तीन पिढ्यांचे कापड विणायचे लूम होते, ते विकले. आता कारखान्याच्या ऑफिसात एक टेबल, दोन खुर्च्या. गेली बारा वर्षं दर रविवारी मी वाचतो, तो ऐकतो. स्वतः एक ओळ लिहीत नाही. श्रोता कसा असावा तर असा. जन्मभर लूमच्या खडखडाटात काढल्याने त्याला कसलाच त्रास होत नाही.

दोन्ही अंक ऐकले. मग म्हणाला, "पंढरी, इसमें आदमी कौन है?" मी म्हणालो, अकरा आहेत. "वो नहीं रे. माणूस. माणूस कोण हाय यात?" त्याला पात्र आणि माणूस यातला फरक कळत नाही. सांगितलं नाही, वाईट वाटेल.

१३ जुलै, रविवार

संघरत्नाने एकांकिकेचं दोन अंकी नाटक केलं आहे, 'लाइन बंद'. त्यात एका पुरुषाचं काम आहे आणि त्यासाठी टेमघरच्या समाजमंदिरात आज ऑडिशन, असं ऐकलं. झालं गेलं विसरून कलेसाठी जायचं ठरवलं. फखरुद्दीनभाईकडे स्कूटर आहे म्हणून तोही आला.

आत गेलो तेव्हा सात-आठ बायका हसत होत्या, त्यातल्या तिघी माझ्या लाइनवरच्या. एकदम गप्प झाल्या. संघरत्ना उठून उभी राहिली. म्हणाली, सर बसा, पाणी घ्या. हातात कागद द्यायला मात्र तिने वेळ लावला.

पात्राचं नाव जोगळेसाहेब. गोडाऊनमधला शिफ्ट इन्चार्ज. शुद्ध मराठीत नोटिसा काढतो, स्वतःला कवी समजतो. वाचताक्षणी ओळखलं, धनेश. धनेश कविता करत नाही, पण लेखकाला तेवढं स्वातंत्र्य असतं.

मी पहिला उतारा वाचला. ती म्हणाली, "सर, थोडं कमी करा. हा माणूस स्वतःवर मनापासून विश्वास ठेवतो. तुम्ही त्याची चेष्टा करताय." मी पुन्हा वाचला, जास्त जोर देऊन. तिने डोकं खाली घातलं. खांदे हलत होते, बहुधा भारावली. मग सावकाश म्हणाली, "नाही जमत आहे सर. तुम्ही या भूमिकेत खरे वाटत नाही."

फखरुद्दीनभाई कोपऱ्यात पाणी पीत होता. कोणीतरी त्याला म्हणालं, चाचा तुम्ही वाचून बघा. त्याने चष्मा लावला. तीनदा खाकरला, कॉलर सारखी केली, एक वाक्य वाचलं आणि दाद मिळतेय का म्हणून मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्याला घेतलं.

निघताना मी संघरत्नाला मोठ्या मनाने म्हणालो, नोकरी सुटली ते कलेच्या दृष्टीने बरंच झालं. ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात सर. मधले तीन महिने आईची औषधं कशी आणली, ते कोणी विचारत नाही." माझ्याकडे उत्तर होतं, पण पंख्याचा आवाज फार होता.

परतताना स्कूटरवर मागे बसून फखरुद्दीनभाईला विचारलं, अभिनय कुठे शिकलास. म्हणाला, "समोर बसून."

१० ऑगस्ट, रविवार

भिवंडीत पहिला प्रयोग, दुपारी चार. हॉल भरलेला. हेमालीला घेऊन गेलो, हिरवी साडी नेसली होती. गोडाऊनचे सगळे आलेले. धनेश तिसऱ्या रांगेत. मला त्याची काळजी वाटत होती.

संघरत्ना गाते, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या प्रवेशात ती सामानाच्या खोक्यांवर थाप मारत गायली. म्हणजे आता गायिकाही. तिसरा स्वल्पविराम.

फखरुद्दीनभाईची एन्ट्री झाली आणि टाळ्या. कशाबद्दल, तर एन्ट्रीबद्दल. मग त्याने नोटीस वाचली. 'सर्व भगिनींनी नोंद घ्यावी की हास्य, रुदन व काव्यवाचन केवळ ब्रेकमध्येच करावे.' हॉल अकरा सेकंद हसला, मी घड्याळात मोजलं. ही नोटीस मूळ माझी आहे. धनेशने माझी नक्कल केली असणार आणि तिने ती धनेशच्या तोंडी ऐकली असणार. हेमाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. बाजूच्या रांगेतला आमचा वॉचमन माझ्याकडे वळून दोन बोटांनी 'एकदम भारी' अशी खूण करत होता. का ते कळलं नाही.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी संवाद नाहीत. टेबलावर यादी. जोगळेसाहेब सही करतो. पेन चालत नाही, झटकतो, पुन्हा करतो. ती स्कॅनर ओढणीने पुसते, चार्जिंगला लावते, दिवा लागलाय का बघते.

माझं पेन त्या दिवशी चालत होतं. हे तिने वाढवलं आहे.

रिक्षात हेमाली अंजूर येईपर्यंत बाहेर बघत होती. घरी आल्यावर साडी न बदलता समोर बसली आणि विचारलं, "ती सही तुमची व्हती ना?" मी म्हणालो, नाटक आहे ते. "नाटक हाय ते मना म्हाईत हाय," म्हणाली आणि भात लावायला गेली.

११ ऑगस्ट, सोमवार

धनेशचं सांत्वन करायला त्याच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस, कलाकार लोक असंच करतात. त्याने उठून मला स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. बिचारा पार हादरलाय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शो-कॉजची ऑफिस कॉपी फाइलमधून काढून वाचली. भाषा चांगली आहे. पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा तेवढी वाटली नाही. 'कळस' काढता आला असता.

२१ सप्टेंबर, रविवार

नाटक पुणे, नाशिक, कोल्हापूर. तिचा कवितासंग्रहही आला, नव्वद पानांचा. माझा दोनशे चाळीस पानांचा तयार आहे.

फखरुद्दीनभाईला कुठल्याशा महोत्सवात उत्कृष्ट सहायक अभिनेता. हार घातलेला फोटो पाठवला. बारा वर्षं मी वाचायचं आणि बक्षीस ऐकणाऱ्याला. फोन करून म्हणालो, रविवारी येतो, नवीन खंडकाव्य आहे. म्हणाला, "पंढरी, इतवार को शो है रे. तू लिखता जा, मैं फुरसत से सुनूँगा." गेले सहा रविवार वाचन नाही. हेवा नाही. त्याच्या तब्येतीची काळजी वाटते, या वयात एवढे दौरे.

४ ऑक्टोबर, शनिवार

'तेजोगर्भाचे हुंकार' प्रकाशकाकडून परत. सोबत चिठ्ठी नाही. तिसऱ्या पानावर चहाचा डाग. म्हणजे तिथपर्यंत वाचलं गेलं.

२ नोव्हेंबर, रविवार

संघरत्ना टेमघरला दर रविवारी लेखनाची कार्यशाळा घेते. ज्येष्ठ साहित्यिक म्हणून मार्गदर्शन करावं या हेतूने गेलो. दारात हफसा नावाच्या मुलीने वही पुढे केली, नाव लिहा. लिहिलं. नंतर बघितलं तर ती विद्यार्थ्यांची यादी होती. अनुक्रमांक पंधरा. उठून जाणं बरं दिसलं नसतं.

वर्ग सुरू व्हायच्या आधी मी तिला बाजूला घेतलं. आठवडाभर पाठ केलेलं बोलायचं होतं. एवढंच म्हणालो, ते मार्चमधलं, ती नोटीस, तशी लिहायला नको होती. ती म्हणाली, "लिहायला नको होती, की तशी नको होती?" मी म्हणालो, दोन्ही. म्हणाली, "बसा सर. पुढच्या वेळी स्वतःच्या घराबद्दल लिहून आणा. बघितलेलं, ऐकलेलं. सुचलेलं नको."

९ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७

चार पानं नेली होती. शीर्षक 'गृहदेवतेचे गूढगुंजन'.

तिने पेन्सिल घेतली. पहिलं पान, उभी रेघ. दुसरं पान, उभी रेघ. मी इतरांकडे बघून हसत होतो, म्हणजे मलाही मजा वाटतेय असं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर पेन्सिल थांबली. एका वाक्याला गोल केला. चौथं पान रेघ न मारताच बाजूला ठेवलं. मग उभी राहून वर्गाला ते एक वाक्य वाचून दाखवलं:

"भात व्हता तवा मागच्या दारानं वारा यायचा, आता हॉर्न येतो."

पुढे बसलेल्या हफसाने ते वहीत उतरवून घेतलं. संघरत्ना म्हणाली, "सर, हे कुठून आलं?"

मी म्हणालो, सुचलं.

ती म्हणाली, "असंच लिहा सर. बाकी सगळं काढून टाका."

खरं काय ते इथे लिहितो, इथे कोणी वाचत नाही. गुरुवारी हेमाली मागचं दार लावत होती. आमच्या शेताच्या जागी आता गोडाऊन आहे, दिवसभर ट्रक. कडी घालता घालता ती हे बोलली, मला नाही, दाराला. तिसऱ्या पानावर दोन ओळींची जागा उरली होती, म्हणून मी टाकलं.

घरी आलो. हेमाली कोंबड्या खुराड्यात घालत होती. काय बोलले वर्गात, विचारलं. विशेष काही नाही, म्हणालो. ती खुराड्याची फळी लावत म्हणाली, "या हल्ली झोपतच न्हायत. गोडाऊनचा लाईट लागला का त्यांना सकालच वाटते."

बावीस वर्षं ही बाई माझ्या घरात आहे. वही नाही, टोपणनाव नाही, सराव नाही. हात धूत धूत बोलते.

जेवणानंतर ती ताटं उचलताना पुन्हा काहीतरी बोलायला लागली, खाडीच्या पाण्याबद्दल. सुरुवात चांगली होती.

मी टीव्हीचा आवाज वाढवला.